मुलाम्याची जाडी आणि किरणांची साक्ष

व्यापाऱ्याची परीक्षा तराजूच्या काट्यावर होते, ही समजूत आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्या आचार्यांनी अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील दोन तर थेट पेढीवरचे आहेत. एक ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे देण्याची मापे उणी व घेण्याची मापे अधिक ठेवणे. आणि दुसरा ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल मालासारखा दिसणारा हलका माल अस्सल म्हणून खपविणे. पहिल्या अतिचारापासून दूर राहण्यास खरा काटा व खरी वजने पुरेशी आहेत. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. आपण विकतो तो माल नेमका कसा आहे हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर त्याने सचोटी कशाच्या आधाराने पाळावी?

मुलाम्याच्या धंद्यात ही अडचण रोज उभी राहते. मुलामा करणे हे स्वतः पाप नव्हे. पितळेवर सोन्याचे पाणी चढवून ती जिन्नस ‘मुलाम्याची’ म्हणूनच विकली, तर त्यात कोणाचीही फसवणूक नाही. उलट गरिबाच्या घरचे मंगलकार्य त्याने शोभते. प्रश्न उद्भवतो तो मुलामा किती, या एका शब्दाचा. नुसत्या डोळ्यास पाव मायक्रॉनचा मुलामा आणि अडीच मायक्रॉनचा मुलामा सारखाच पिवळा दिसतो. पहिला थोड्याच दिवसांच्या वापरात उडून जातो, दुसरा वर्षानुवर्षे टिकतो. दोहोंत दहापटीचे अंतर असूनही बिलावर दोहोंचे नाव एकच असते. आमच्या संघाच्या सभासदांत सराफ आहेत, भांडी व पत्रा यांचे व्यापारी आहेत, जरीच्या लुगड्यांचे दुकानदार आहेत आणि यंत्रांचे सुटे भाग करणारे कारखानदारही आहेत. या सर्वांचा कोणत्या ना कोणत्या लेपाशी संबंध येतो. म्हणून तो लेप न खरवडता, न जाळता किरणांच्या साहाय्याने कसा मोजतात, आणि त्या मोजमापावर किती विसंबावे, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

लेपाचा हिशेब

प्रथम मापाची ओळख करून घेऊ. एका मिलिमीटरचे हजार भाग केले असता त्यांतील एका भागास मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारणपणे सत्तर मायक्रॉन जाड असतो. यावरून एक मायक्रॉनचा लेप किती सूक्ष्म असेल याची कल्पना यावी.

माप सूक्ष्म असले तरी हिशेब मोठा आहे. सोन्याची घनता १९.३ आहे. त्यामुळे एक चौरस सेंटिमीटर पृष्ठावर एक मायक्रॉन जाडीचा सोन्याचा लेप द्यावयाचा तर १.९३ मिलिग्रॅम सोने लागते. एका बांगडीचे पृष्ठ चाळीस चौरस सेंटिमीटर धरले, तर एका बांगडीस सुमारे ७७ मिलिग्रॅम आणि हजार बांगड्यांस सुमारे ७७ ग्रॅम सोने लागेल. आता मुलामा करणाऱ्याने एक मायक्रॉनचे पैसे घेऊन अर्धाच मायक्रॉन चढविला, तर हजार बांगड्यांमागे साडेअडतीस ग्रॅम, म्हणजे सव्वातीन तोळ्यांहून अधिक सोने मागे राहिले. उलटपक्षी मुलामा करणाऱ्याने अजाणता दीड मायक्रॉन चढविला, तर तितकेच सोने त्याच्या पदरचे गेले. जाडी मोजता न येणे हे अशा रीतीने देणारा आणि घेणारा या दोघांनाही घातक आहे.

जुन्या पद्धती

कसोटीचा दगड व तेजाब ही सराफाची पिढीजात साधने. दगडावर जिन्नस घासली की वरचा लेप व खालची धातू एकत्र रेघेत उतरतात. मुलामा आहे एवढे त्यावरून कळते, किती आहे ते कळत नाही. जाडी ठरवावयाची तर जिन्नस मधोमध कापून, कापलेला भाग घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, किंवा लेप रसायनाने उतरवून उतरण्यापूर्वीचे व नंतरचे वजन घेणे, हे मार्ग होते व आजही आहेत. निर्णय अचूक हवा असेल तेव्हा या पद्धतींचा मान मोठा आहे. परंतु त्यांत तपासलेली जिन्नस नष्ट होते. शंभर नगांतला एक कापून पाहिला तर उरलेल्या नव्व्याण्णवांबद्दल अनुमानच करावे लागते. जिन्नस अखंड ठेवून प्रत्येक नग तपासता यावा, ही गरज किरणांनी भागविली.

क्ष-किरणांची रीत

१८९५ साली जर्मनीतील व्यूर्ट्सबुर्ग येथे राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. पुढे बार्कला यांनी असे दाखविले की, एखाद्या मूलद्रव्यावर पुरेशा शक्तीचे क्ष-किरण सोडले असता ते मूलद्रव्य स्वतःचे असे वेगळे क्ष-किरण बाहेर टाकते. १९१३ साली मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने या किरणांची शक्ती मूलद्रव्याच्या अणुक्रमांकानुसार नियमाने वाढत जाते हे सिद्ध केले. दोनच वर्षांनी, १९१५ साली, गॅलिपोलीच्या रणभूमीवर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. पण त्यांच्या नियमामुळे प्रत्येक मूलद्रव्याला जणू त्याची स्वतःची मोहोर मिळाली. शक्तीच्या मापात सांगावयाचे तर निकेलची मोहोर ७.४७, तांब्याची ८.०४, जस्ताची ८.६४, सोन्याची प्रमुख मोहोर ९.७१ आणि चांदीची २२.१६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. एकीची मोहोर दुसरीशी सहसा जुळत नाही. सराफी पेढ्यांवर ज्यास ‘एक्सआरएफ मशीन’ म्हणतात ते यंत्र या मोहोरा वाचण्याचेच काम करते.

जाडी मोजण्यासाठी याचा उपयोग दोन प्रकारांनी होतो. तांब्याच्या पत्र्यावर सोन्याचा लेप आहे असे समजू. यंत्रातील नळीतून निघालेले क्ष-किरण त्यावर पडले की सोने आपले किरण देते आणि खालचे तांबेही आपले किरण देते. लेप जितका जाड, तितके सोन्याचे अणू अधिक, म्हणून सोन्याचे किरण अधिक. ही पहिली रीत. त्याच वेळी तांब्याचे किरण बाहेर पडताना सोन्याच्या थरातून येतात आणि वाटेत शोषले जातात. म्हणून लेप जितका जाड, तितके तांब्याचे किरण मंद. ही दुसरी रीत. एका रीतीत आकडा चढतो आणि दुसरीत उतरतो, आणि दोहोंचा मेळ घालून यंत्र जाडी सांगते.

या शोषणाचे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तांब्याचे किरण सुमारे पावणेदोन मायक्रॉन सोन्यातून पार झाले की निम्मे उरतात. साडेतीन मायक्रॉनांतून पाव, सव्वापाचांतून दोन आणे आणि सात मायक्रॉनांतून एक आणा, म्हणजे सोळावा हिस्सा, एवढेच शिल्लक राहतात. शिवाय आत जाणारे किरणही वाटेत क्षीण होतातच. म्हणून सोन्याचा लेप आठदहा मायक्रॉनांच्या पुढे गेला की खालची धातू यंत्रास दिसेनाशी होते आणि सोन्याचा आकडाही पुढे वाढत नाही. दहा मायक्रॉनचा लेप आणि दहा मिलिमीटरची भरीव लगड यांत त्या यंत्राला भेद करता येत नाही. चांदीचे किरण अधिक जोरकस असल्याने चांदीचा लेप काही दशक मायक्रॉनांपर्यंत मोजता येतो. पण तेथेही मर्यादा आहेच.

बीटा किरणांची रीत

दुसरी पद्धत किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघणाऱ्या बीटा कणांची. गोटी वाळूच्या ढिगावर टाकली तर रुतून बसते आणि शहाबादी फरशीवर टाकली तर उसळून परत येते. बीटा कणांचेही काहीसे असेच आहे. ज्या धातूचा अणुक्रमांक लहान तिच्यावरून थोडे कण परततात, ज्या धातूचा मोठा तिच्यावरून पुष्कळ परततात. सोन्याचा अणुक्रमांक ७९ आणि तांब्याचा २९. नुसत्या तांब्यावर कण सोडून परतलेले मोजले, मग जाड सोन्यावर सोडून मोजले, की दोन टोके निश्चित झाली. मुलाम्याच्या जिनसेचा आकडा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो आणि त्याच्या स्थानावरून जाडी काढतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात विद्युत्‌मंडलांच्या पट्ट्यांवरील सोन्याचे लेप मोजण्यास ही रीत फार उपयोगी पडली.

तिची मर्यादा तिच्या तत्त्वातच आहे. लेप आणि खालची धातू यांच्या अणुक्रमांकांत पुरेसे अंतर, निदान पाचाचे, हवे. निकेल २८ आणि तांबे २९, म्हणून तांब्यावरील निकेल या रीतीने मोजता येत नाही. क्रोमियम २४ आणि लोखंड २६, म्हणून पोलादी दांड्यावरील क्रोमही नाही. दुसरे असे की, किरण देणारे द्रव्य सतत क्षीण होत असते. या कामी वापरले जाणारे प्रोमेथियम १४७ सुमारे २.६ वर्षांत निम्मे होते, थॅलियम २०४ सुमारे ३.८ वर्षांत. म्हणून यंत्राची मांडणी पुनःपुन्हा तपासून घ्यावी लागते.

प्रत्येक लेपास किरणच हवेत असेही नाही. बेळगावच्या बाजूस हायड्रॉलिक यंत्रांचे जे दांडे तयार होतात त्यांवरील कठीण क्रोमचा थर वीस-पंचवीस मायक्रॉनांच्या घरात असतो. पोलाद चुंबकाने ओढले जाते आणि क्रोम ओढले जात नाही, म्हणून तेथे साधे चुंबकीय मापक स्वस्तात काम भागविते. खर्चिक यंत्र घेण्यापूर्वी आपला माल कोणता याचा विचार सूज्ञाने अवश्य करावा.

यंत्राला कोणता प्रश्न विचारावा

येथवर यंत्राचे गुण सांगितले. आता ज्या गोष्टींमुळे पेढ्यापेढ्यांत तंटे होतात त्यांकडे वळू. आमच्या मते या तंट्यांत यंत्र खोटे बोलत नसते. ते विचारल्याचेच उत्तर देते आणि आपण भलताच प्रश्न विचारून बसतो.

पहिली गोष्ट म्हणजे, किरण वस्तुतः जाडी मोजीतच नाहीत. ठरावीक क्षेत्रावर धातूचे किती अणू आहेत, म्हणजे किती वजन पसरले आहे, हे ते मोजतात. त्या वजनास घनतेने भागून यंत्र मायक्रॉनांचा आकडा दाखविते. पत्र्याच्या व्यापाऱ्यांना ही भाषा परिचित आहे. दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर एका बाजूस सुमारे १९ मायक्रॉनचा थर असतो. डब्याच्या पत्र्यावर एका बाजूस २.८ ग्रॅम कथील असेल तर तो थर ०.३८ मायक्रॉन भरतो. सोन्याच्या बाबतीत अडचण अशी की, कोबाल्ट किंवा निकेल मिसळून चढविलेल्या कठीण सोन्याच्या लेपाची घनता शुद्ध सोन्याहून कमी असते. एका पेढीच्या यंत्रात १९.३ घातलेली आणि दुसऱ्या पेढीच्या यंत्रात १७.५ घातलेली असेल, तर एकाच बांगडीचे दोन आकडे निघतील आणि दोन्ही पेढ्या आपापल्या परीने खऱ्या असतील.

दुसरी गोष्ट थरांची. पितळेवर सोने चढविण्यापूर्वी मध्ये निकेलचा थर देण्याची वहिवाट आहे. यंत्रास ‘पितळेवर सोने’ एवढेच सांगितले आणि मध्ये निकेल असले, तर पितळेतील तांब्याचे किरण निकेलमध्येही शोषले जातात. यंत्र ते सारे शोषण सोन्याच्या नावे जमा करते आणि सोने असेल त्याहून जाड दाखविते. ही जमा खोटी, पण खतावणी करणाऱ्यानेच खाते चुकीचे उघडलेले असते. म्हणून खालून वरपर्यंत थर कोणकोणते याची माहिती मुलामा करणाऱ्याकडून लेखी घ्यावी, आणि त्याच क्रमाचे प्रमाणित नमुने ठेवून त्यांवर यंत्र जुळवून घ्यावे.

तिसरी गोष्ट जागेची. विजेने मुलामा चढविताना कडा व उंचवटे यांवर धातू अधिक बसते आणि खोलगट भागात कमी. किरणांचा ठिपका एखाद्या मिलिमीटरचा किंवा त्याहूनही लहान असतो. कडेवर मोजले तर दोन मायक्रॉन आणि नक्षीच्या खाचेत मोजले तर पाऊण, असे सहज घडते. विकणारा कडेचा आकडा सांगतो आणि घेणारा खाचेचा, आणि वर्षानुवर्षांचा संबंध तुटतो. एका नगावर निदान पाच ठिकाणी मोजून सर्वांत कमी व सरासरी असे दोन्ही आकडे लिहिणे हाच यावर उपाय. जरीच्या तारेसारख्या बारीक व गोल वस्तूवर तर किरण बाजूला निसटतात. तेथे सपाट पृष्ठाची मांडणी चालत नाही.

चौथी गोष्ट वेळेची. किरण एकेक मोजले जातात आणि त्यांच्या येण्यात स्वाभाविक चढउतार असतो. शंभर किरण मोजले तर आकड्यात शेकडा दहाची अनिश्चितता राहते, दहा हजार मोजले तर शेकडा एकाची. अचूकता दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. गिऱ्हाईक घाई करते म्हणून पाच सेकंदांत काढलेला आकडा आणि मिनिटभर थांबून काढलेला आकडा यांना एकच किंमत देणे योग्य नव्हे.

शुद्धता आणि लेप यांतील घोटाळा

सर्वांत मोठी गल्लत मात्र वेगळीच आहे. तेच यंत्र शुद्धता सांगण्यासही वापरतात. पेढीवर त्यास टंच काढणे म्हणतात. शुद्धतेचा जो आकडा येतो तो वरच्या काही मायक्रॉनांचा असतो. जिन्नस आतबाहेर एकजीव असेल तर तो आकडा सर्व जिनसेस लागू पडतो. जिनसेवर जाड लेप असेल तर तो लेपाचा टंच असतो, जिनसेचा नव्हे. हुपरीसारख्या ठिकाणाहून चांदीच्या जिनसा आणणाऱ्या आमच्या बांधवांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चांदीत तांब्याचे मिश्रण असलेली जिन्नस तापवून तेजाबात उजळली की पृष्ठावरील तांबे निघून जाते आणि वर चांदीचे प्रमाण वाढते. कारागिराच्या मनात कपट नसतानाही अशा जिनसेचा वरचा टंच आतल्याहून चढा येतो. आड जागी किंचित कानस मारून पुन्हा मोजले की भेद उघड होतो.

सोन्याच्या लगडीत तर याहून मोठा धोका असतो. टंगस्टन या धातूची घनता १९.२५, म्हणजे जवळजवळ सोन्याइतकीच. टंगस्टनवर सोन्याचा जाड थर दिला तर हवेतले वजन, पाण्यातले वजन आणि क्ष-किरण या तिन्ही परीक्षा ती लगड पार करू शकते. तेथे भोक पाडून पाहणे, किंवा ध्वनिलहरी आत सोडून त्यांचा वेग पाहणे, हाच मार्ग उरतो. कारण ध्वनी सोन्यापेक्षा टंगस्टनमधून बराच जलद जातो. म्हणूनच सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क १६ जून २०२१ पासून ठरावीक जिल्ह्यांत सक्तीचा झाला तरी, हॉलमार्क केंद्रांत क्ष-किरणांची चाचणी ही प्राथमिक परीक्षा असते. अंतिम शब्द अग्निपरीक्षेचा असतो. तीत नमुना शिशाबरोबर तापवून हिणकस धातू शोषून घेतात, चांदी तेजाबात विरघळवितात आणि उरलेले सोने तोलतात. हजारो वर्षांचा तराजू येथे नव्या यंत्राच्या वर बसलेला आहे.

सुरक्षितता

क्ष-किरणांचे यंत्र वीज बंद केली की किरण देणे बंद करते. झाकण उघडताच नळी बंद पाडणारी कळ त्यात असते. ती कोणत्याही कारणाने निकामी करू नये. बीटा मापकातील द्रव्य मात्र कळ दाबून बंद होत नाही. भारतात अशा साधनांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते, आणि साधन निकामी झाल्यावर त्यातील द्रव्य नियमाप्रमाणे परत करावे लागते. भंगाराचा व्यापार करणाऱ्यांना आमची विशेष सूचना आहे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका जुन्या उपकरणातील कोबाल्ट ६० उघडे पडले, अनेकांना किरणांची बाधा झाली आणि एकाचा प्राण गेला. ते द्रव्य मापकातील द्रव्याहून कितीतरी प्रखर होते हे खरे. परंतु किरणांची तीन पात्यांची खूण असलेली कोणतीही पेटी वजनावर विकत घेऊ नये व फोडू तर मुळीच नये, हा धडा सर्वांनाच लागू आहे. येथे पैशापेक्षा जीवहिंसेचा प्रश्न मोठा आहे.

बिलावर काय असावे

या सर्व विवेचनाचा व्यवहारात उपयोग व्हावा म्हणून आम्ही एवढेच सुचवितो. मुलाम्याच्या मालाच्या बिलावर पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: खालची धातू कोणती, मधला थर असल्यास कोणता, वरचा लेप कशाचा, त्याची कमीत कमी जाडी किती मायक्रॉन, आणि ती कोणत्या रीतीने व किती ठिकाणी मोजली. परदेशी मालाच्या व्यवहारात हे केव्हाच रूढ झाले आहे. अमेरिकेत स्टर्लिंग रुप्यावरील सोन्याच्या मुलाम्यास ‘व्हर्मे’ हे नाव लावावयाचे तर अडीच मायक्रॉन शुद्ध सोन्याइतका लेप असावा लागतो. नुसते ‘सोनेरी’ म्हणून भागत नाही. आपल्या पेठेत असे नाव नसले तरी आकडा लिहिण्यास कोणाची आडकाठी नाही.

प्रत्येक दुकानात यंत्र हवे असेही आम्ही म्हणत नाही. लहान पेढीला त्याचा खर्च झेपणारा नाही. चार पेढ्यांनी मिळून एक यंत्र ठेवावे, किंवा वर्षातून काही नमुने चांगल्या परीक्षणशाळेकडे पाठवावेत. मुख्य गोष्ट अशी की, मुलामा करणाऱ्यास आपला लेप तपासला जातो हे ठाऊक असावे आणि गिऱ्हाइकास आपण कशाचे पैसे देतो हे वाचता यावे. पूर्वी मुलाम्याची जाडी कोणालाच दिसत नव्हती, म्हणून ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ हे उत्तर खपून जात असे. आज ती मोजता येते. जे मोजता येते ते न मोजता विकणे आणि उणे मापाने विकणे यांत फार अंतर राहिलेले नाही, एवढे प्रत्येकाने आपल्या गादीवर बसताना मनाशी धरावे.